पुंगळीचं माप कुणाचं?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज काडतुसाच्या पुंगळीवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण 'योग्य माप' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात अडीच हजार वर्षं घोळतो आहे, आणि तो इतका स्वच्छ मांडून दाखवणारी दुसरी वस्तू निदान मला तरी माहीत नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. रायफलीचं काडतूस म्हणजे पितळेची एक बाटलीसारखी पुंगळी. खाली बुंधा, त्यावर जाड तळ, मग वर पातळ होत जाणारं अंग, मग खांदा आणि शेवटी मान. मानेत गोळी बसते, पोटात दारू असते आणि बुंध्याच्या मध्यभागी टोपी, म्हणजे प्रायमर. रायफलीत हे काडतूस ज्या पोकळीत बसतं तिला चेंबर म्हणतात, आणि मागून दार लावावं तसा बोल्ट बसतो. बार उडाला की गोळी निघून जाते, पुंगळी मागे राहते. अमेरिकेत ही पुंगळी फेकून देत नाहीत. घरच्या गॅरेजमध्ये टेबलाला एक हातप्रेस ठोकलेला असतो. पुंगळीचा बुंधा शेल होल्डर नावाच्या खाचेत अडकवायचा, दांडा ओढायचा, पुंगळी वरच्या पोलादी डायमध्ये दाबली जाते आणि पुन्हा मूळ आकाराला येते. मग नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी.

डायबरोबर जो कागद मिळतो त्यावर साधारण अशी सूचना असते : डाय खाली फिरवत न्या, शेल होल्डरला टेकू द्या, आणि मग थोडीशी अजून फिरवा. नवशिका माणूस निमूटपणे तसं करतो. वीस वर्षं हेच करणारा माणूस मात्र ती सूचना पाळत नाही. का पाळत नाही, याचं उत्तर द्यायला मला अठराव्या शतकापर्यंत मागे जावं लागेल.

त्या काळी बंदूक हातानं बनायची. कारागीर एकेक भाग कानस मारून दुसऱ्या भागाशी जुळवायचा. या बंदुकीचा खटका त्या बंदुकीला बसायचा नाही, आणि तो बसावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. जुळणं ही त्या दोन भागांमधली खाजगी गोष्ट होती म्हणा ना. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूक-कारागिरानं हे मोडायचं ठरवलं. १७८५ साली थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी होता, तो ब्लाँच्या कार्यशाळेत गेला. पन्नास खटक्यांचे सुटे भाग कप्प्यांमध्ये मांडून ठेवलेले होते. जेफरसननं हाताला लागेल तो भाग उचलून स्वतः काही खटके जोडले, आणि ते जुळले. त्यानं लगेच पत्र लिहून हे मायदेशी कळवलं.

अमेरिकेत पुढे या गोष्टीचं श्रेय बरीच वर्षं एली व्हिटनीला दिलं जायचं. १७९८ साली त्यानं दहा हजार बंदुकांचं कंत्राट घेतलं होतं. पण नंतर इतिहासकारांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून पाहिल्या, तर भाग एकमेकांत बसत नव्हते. प्रात्यक्षिक आणि पुरवठा यांच्यातलं अंतर आपल्याला काही नवीन नाही! काम खरं केलं जॉन हॉल यानं, १८१९ पासून हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात. हॉलची एक कल्पना तुम्ही लक्षात ठेवा, कारण आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत. त्याचं म्हणणं असं की, एक माप दुसऱ्यावरून, दुसरं तिसऱ्यावरून घेत गेलात तर चुका साठत जातात. प्रत्येक भागावर एकच टेकण-बिंदू ठरवा आणि सगळी मापं तिथूनच घ्या.

ही मापं तपासायची कशी? गेज लावून. आपल्याकडे भोसरीच्या किंवा चिंचवडच्या कुठल्याही शॉपमध्ये जा, तिथला मुलगा तुम्हाला गो-नोगो गेज दाखवेल. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस्स. नेमकं माप किती, हा प्रश्नच तिथे विचारत नाहीत. दोन हद्दींच्या आत आहे की नाही, एवढंच. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं ही फार मोठी उडी आहे. 'बरोबर' हा बिंदू होता, तो आता पट्टा झाला. पुढे स्वीडनच्या एस्किल्स्टुना इथल्या रायफल कारखान्यातल्या योहान्सननं गेजांचंही गेज बनवलं. १८९६ मध्ये तो जर्मनीत माउझरच्या कारखान्यात जाऊन आला होता, तिथला गेजांचा ढीग पाहून त्याला वाटलं, मोजके ठोकळे एकमेकांवर चढवून हवं ते माप तयार करता येईल. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून वीस हजार मापं निघत. सांगतात की, सुरुवातीला ठोकळे घासायला त्यानं बायकोचं शिवणयंत्र वापरलं. बायकोचं त्यावर काय म्हणणं होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तर विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र असं झालं की, कुठल्याही कारखान्यातलं काडतूस कुठल्याही कारखान्यातल्या रायफलीत बसलं पाहिजे. आता याचा अर्थ नीट बघा. सर्वात मोठं काडतूस सर्वात लहान चेंबरमध्येही शिरलं पाहिजे. म्हणजे सरासरी काडतूस सरासरी चेंबरमध्ये सैलच बसणार. हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे. सर्वांना चालेल असं माप हवं असेल तर ते कुणालाच नेमकं बसणार नाही. पायजमा 'फ्री साइझ' घेतला की काय होतं, तेच.

आणि हा सैलपणा न ठेवल्यास काय होतं, ते १९१५ मध्ये ईपरच्या रणांगणावर दिसलं.

कॅनडाचं सैन्य तेव्हा रॉस रायफल वापरत होतं. सर चार्ल्स रॉस हा स्कॉटिश उमराव, त्यानं क्वेबेकमध्ये कारखाना काढलेला. रायफल सुंदर. नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये नाव कमावलेली. काडतूस ब्रिटिशांचंच, .३०३. पण रॉसचं चेंबर घट्ट होतं. कॅनडात बनलेली, काटेकोर मापाची काडतुसं त्यात छान चालत. युद्धात मात्र ब्रिटिश कारखाने घाईनं जो माल काढत होते त्याची मापं थोडी इकडेतिकडे होती. ब्रिटिशांच्या स्वतःच्या ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस, ते सगळं गिळायचं. रॉस गिळेना. बार उडाला की पुंगळी फुगून आत घट्ट बसायची, त्यात चिखल, त्यात सलग गोळीबारानं तापलेली नळी. एप्रिल १९१५, समोरून क्लोरीन वायू सोडलेला, आणि सैनिक बुटाच्या टाचेनं बोल्ट हाणताहेत. हजाराहून अधिक सैनिकांनी रॉस फेकून मेलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. कॅनडाचा संरक्षणमंत्री सॅम ह्यूज रॉसची बाजू सोडायला तयार नव्हता. त्यात देशाभिमान होता, आणि ब्रिटननं एकेकाळी ली-एनफिल्ड बनवायचा परवाना नाकारल्याचा रागही होता. शेवटी चेंबरं कोरून मोठी केली गेली, आणि १९१६ पर्यंत ती रायफल आघाडीच्या पायदळातून गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. दुरून अचूक नेम धरणारे जे सैनिक होते, स्नायपर, त्यांनी रॉस सोडली नाही. ते काडतुसं निवडून, पारखून वापरायचे आणि तीच रायफल त्यांना सर्वोत्तम वाटायची. म्हणजे चेंबर तेच. एकाला त्यानं खड्ड्यात घातलं, दुसऱ्याला तारलं. कुणाचा निर्णय चूक म्हणाल? मला तर दोघांचाही बरोबर वाटतो. ह्यूजचा मात्र चूक, कारण त्यानं स्पर्धेचं मैदान आणि खंदक यांना एकच गेज लावलं.

आता ली-एनफिल्डकडे बघू. तिचा ऐसपैसपणा फुकट नव्हता. .३०३ च्या पुंगळीला बुंध्याशी बाहेर आलेली कडा असते. चेंबरमध्ये ती कडा टेकते आणि काडतूस थांबतं. हाच तो हॉलचा टेकण-बिंदू. कडेच्या पुढचा भाग आणि बोल्टचं तोंड यांच्यामधली जागा तपासायला दोन गेज होते : ०.०६४ इंचाचं बसलं पाहिजे, ०.०७४ इंचाचं बसता कामा नये. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या 'नंबर ४' रायफलीला तर बोल्टचं डोकंच बदलता यायचं. ० ते ३ अशा चार क्रमांकांची डोकी, प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित लांब. झीज झाली की पुढचा क्रमांक चढवा. फार शहाणपणाची व्यवस्था. पण बघा, काळजीनं धरलं जायचं ते सगळं कडेशी. पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्यापासून किती दूर आहे, याकडे सैन्याला बघायचं कारणच नव्हतं. सैन्य पुंगळी एकदाच वापरतं. ती फुगली, ताणली गेली, तरी बिघडलं कुठे? जमिनीवर पडली, संपलं.

ज्याला तीच पुंगळी आठ-दहा वेळा वापरायची आहे, त्याचं बिघडतं.

काय होतं ते सावकाश सांगतो, कारण इथे डोळे-चेहरा जाण्याचा प्रश्न आहे. समजा खांद्यापुढे जागा मोकळी आहे. बार उडतो. पुंगळीचं पुढचं पातळ अंग दाबानं फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं. जाड तळ मात्र चिकटत नाही. तो मागे सरकतो, बोल्टला टेकेपर्यंत. मधलं पितळ ताणलं जातं. कुठे? तळाच्या अगदी वर, जिथे जाड भाग संपून पातळ सुरू होतो तिथे. आता ही पुंगळी प्रेसमध्ये घातली आणि कागदावरची सूचना पाळून खांदा पुन्हा पूर्ण मागे दाबला. पुढच्या बाराला पुन्हा ताण. पुन्हा दाबली, पुन्हा ताण. लोखंडी तार वाकवून मोडताना आपण काय करतो? हेच. बाहेरून एक चकचकीत कडं दिसू लागतं. आतून वाकडी तार फिरवली तर खोबण हाताला लागते. आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात, अर्धी चेंबरमध्येच राहते, आणि हजारो पौंडांच्या दाबाचा वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे वाट शोधतो. सूचना पाळल्यामुळे हे झालं, हे ध्यानात घ्या. सूचना खोटी नाही. ती 'कुठल्याही रायफलीसाठी' लिहिलेली आहे, आणि माणसाच्या हातात असते एक विशिष्ट रायफल.

जुन्या लोकांना हा त्रास कमी व्हायचा. १८७० च्या दशकात रानगव्यांचे शिकारी तळावरच काडतुसं भरत. १८८४ पासून कनेक्टिकटमधला जॉन बार्लो 'आयडियल' नावाची हत्यारं विकू लागला. अडकित्त्यासारखी दिसणारी, खिशात मावणारी. त्यांच्यात ताकदच एवढी की फार तर मान आवळली जायची. अंग आणि खांदा जसेच्या तसे, म्हणजे आपल्याच चेंबरमध्ये फुगून जो आकार आला तोच. पण दरवेळी नुसती मानच आवळत राहिलं की चार-पाच बारांनंतर पुंगळी इतकी भरून येते की बोल्ट बंद करायला जोर लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर भक्कम प्रेस आले. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टननं १९४३ मध्ये 'आरसीबीएस' सुरू केली. अशा प्रेसांनी अख्खी पुंगळी एका दांड्यात आवळता येऊ लागली. ताकद आली, आणि तिच्याबरोबर खांदा गरजेपेक्षा जास्त मागे लोटण्याची सोयही आली.

मग जाणता माणूस काय करतो? तो आपल्याच रायफलीत उडवलेली पुंगळी घेतो आणि तिचं बुंध्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजतो. त्याचं गेज ती पुंगळी. डाय तो मुद्दाम वर ठेवतो आणि जरा जरा खाली आणतो. इथे एक गंमत होते, जी ऐकली की पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. डाय अर्धवट खाली असताना पुंगळीचा खांदा मागे जाण्याऐवजी पुढे जातो! पुंगळी आवळली आणि लांब झाली. कारण साधं आहे. अंग बाजूंनी दाबलं जातं, पितळ जाणार कुठे? ओल्या कणकेचा गोळा मुठीत आवळून बघा, वरून बाहेर येतो. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला अजून भिडलेला नसतो. म्हणून अशी अर्धवट आवळलेली पुंगळी कधीकधी रायफलीत शिरतच नाही. आणखी थोडं खाली गेलं की खांदे भिडतात आणि मग तो मागे सरकू लागतो. पूर्वी लोक मेणबत्तीवर पुंगळीचा खांदा काळा करत, म्हणजे डाय कुठे भिडली ते काजळी पुसलेल्या जागेवरून कळे. बोल्टच्या रायफलीसाठी खांदा मोजलेल्या मापापेक्षा एक-दोन थाऊ मागे गेला की थांबायचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपले टर्नर-फिटर हाच शब्द वापरतात. दोन थाऊ म्हणजे साधारण एका केसाची जाडी.

आता ही दोन थाऊ फिरवायची कशी ते बघा. या डायना इंचाला चौदा आटे असतात. एक पूर्ण फेरा म्हणजे एकाहत्तर थाऊ. दोन थाऊ हवेत तर फेऱ्याचा छत्तिसावा भाग, दहा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांतही याहून जास्त सरकतो. त्यात प्रेस ताणाखाली किंचित वाकतो, आणि दाब काढल्यावर पितळ थोडं परत फुलतं.

म्हणून काहींनी डायला हातच लावायचा नाही असं ठरवलं आणि माप शेल होल्डरमध्ये नेलं. शेल होल्डरमध्ये बुंधा जिथे टेकतो तिथपासून होल्डरच्या वरच्या पृष्ठापर्यंतची उंची ठरलेली असते : ०.१२५ इंच. म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत बरोब्बर एक सूत! रेडिंग कंपनीच्या एका संचात पाच होल्डर येतात, या एका सुतापेक्षा दोन, चार, सहा, आठ आणि दहा थाऊंनी उंच. डाय प्रत्येक वेळी घट्ट टेकवायची, आणि होल्डर जितका उंच तितकी पुंगळी आत कमी जाते. मला ही युक्ती फार आवडते. ज्या 'टेकवा' या सूचनेनं गोंधळ झाला होता, तीच पाळून आपल्या रायफलीचं माप मिळतं. बोल्टच्या चार क्रमांकांच्या डोक्यांची आठवण होते की नाही?

अ‍ॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात एका पट्टीचा उल्लेख केला आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. दगड ओबडधोबड असला तर पट्टी त्याच्या आकारानं वाकायची, आणि तो आकार घेऊन दुसरा दगड शोधता यायचा. कायदा सर्वसाधारण असतो, प्रसंग विशिष्ट असतो, तेव्हा अशा पट्टीसारखा निर्णय लागतो, असं त्याला म्हणायचं होतं. वर्गात हे शिकवताना माझी नेहमी अडचण व्हायची, कारण विद्यार्थी विचारत, वाकणारी पट्टी ही पट्टी कशी? मग काहीही बरोबरच ठरेल की! एकदा उडवलेली पुंगळी ही त्या प्रश्नाला उत्तर आहे. ती चेंबरचा आकार घेते, पण तिची एक थाऊसुद्धा कुणाच्या मर्जीची नसते. तुम्ही ती मोजू शकता, आणि चुकलात तर पितळ तुटून सांगतं. गॅरेजमधला तो माणूस ब्लाँच्या आधीच्या कारागिरासारखा दोन वस्तू एकमेकींशी जुळवतो आहे, हे खरं. पण तो हे करू शकतो ते योहान्सनच्या वंशातलं मोजमापाचं साधन हातात आहे म्हणून. आणि तीच पुंगळी शेजाऱ्याच्या रायफलीत बसेलच असं नाही. हिंस्र जनावराच्या शिकारीला जाणारा माणूस ती घेत नाही, तो पूर्ण आवळलेली, सैल पुंगळी नेतो. रॉसवाले सैनिक आणि स्नायपर आठवा.

एक चिठ्ठी आली आहे : खडकीला एवढा मोठा दारूगोळा कारखाना असताना आपल्याकडे हा छंद का नाही? चांगला प्रश्न आहे. खडकीचा कारखाना १८६९ चा, आणि .३०३ च्या पुंगळ्यांवर 'केएफ' अशी अक्षरं उमटवलेली असत, ती खडकीचीच. पहिलं कारण कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा इथून उठून कुणी प्रयोग करू नका. दुसरं कारण पुंगळीतच आहे. टोपीच्या दोन पद्धती आहेत, बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सर पद्धतीत बुंध्याला मधोमध एकच भोक, त्यातून सुई घातली की जुनी टोपी निघते. बर्डनमध्ये मध्ये ऐरण असते आणि बाजूला दोन बारीक भोकं, तिथे सुई चालत नाही. कर्नल बॉक्सर इंग्रज, त्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बर्डन अमेरिकन, त्याची युरोपात. ब्रिटिश लष्करानंही .३०३ साठी आपल्या बॉक्सरला सोडून बर्डनचीच घेतली.